म्हातारपणातलं देणं-घेणं

मी आरोग्य खात्यात परिचारिका होते. सांगली, कोल्हापूर आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत माझी नोकरी झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन वाईला स्थायिक झाले. आता सत्तरीही मागे पडली आहे. नोकरीत असताना कितीतरी म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसली, त्यांना औषधं दिली, त्यांच्या उशाशी रात्री काढल्या. मग माझं स्वतःचं म्हातारपण आलं. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. वय वाढल्यानं माणूस खचतो त्याहून जास्त तो देणं-घेणं थांबल्यानं खचतो. ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही आणि जो कुणाकडून काही घेत नाही, तो धडधाकट असला तरी एकटा पडतो. आणि अंथरुणाला खिळलेली, पण शेवटपर्यंत घरादाराला हवीहवीशी वाटणारी माणसंही मी पाहिली आहेत.

या सगळ्यातून जे हाती आलं, ते इथे क्रमानं मांडते. साठीला टेकलेल्यांनी वाचावं. ज्यांचे आईवडील साठीपुढचे आहेत, त्यांनी तर जरूर वाचावं.

१. निवृत्तीनंतरच्या सोमवारी कुठे जायचं, ते आधी ठरवून ठेवा

आपल्या देशात साठी गाठलेलं माणूस त्यानंतर सरासरी अठरा वर्षं जगतं. नोकरी पस्तीस वर्षांची धरली, तर हा तिच्या निम्मा काळ झाला. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांची संख्या १० कोटींच्या वर होती. महाराष्ट्रात तेव्हाच शंभरातली जवळजवळ दहा माणसं ज्येष्ठ होती. एवढ्या माणसांची एवढी वर्षं ‘आता काय, दिवस ढकलायचे’ म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत.

निवृत्त झाल्यावर पगार निम्मा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. आपण वेळेवर पोचलो नाही तर कुणाचं तरी अडेल, ही खात्री जाते. ती परत मिळवावी लागते. मी ज्येष्ठ नागरिक संघात दर मंगळवारी सकाळी सभासदांचा रक्तदाब आणि साखर तपासायला बसते. पैसे मिळत नाहीत, पण मंगळवारी मी गेले नाही तर दहा वाजेपर्यंत फोन येतो, ‘सिस्टर, बरं आहे ना?’ आमच्या ओळखीचे एक निवृत्त कारकून वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधून देतात. एक आजी शेजारच्या नोकरी करणाऱ्या मुलीचं बाळ शाळेच्या रिक्षातून उतरवून घेतात. काम लहान असलं तरी चालतं. त्याला वार आणि वेळ मात्र ठरलेली हवी, आणि पलीकडे आपली वाट पाहणारं कुणीतरी हवं.

२. शरीराची डागडुजी करा, ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

खुब्याचं हाड मोडून वॉर्डात येणाऱ्यांची हकिकत बहुधा एकच असायची. रात्री लघवीला उठले, दिवा लावला नाही, ओल्या फरशीवर पाय घसरला. त्या एका पडण्यानं पुढची सगळी वर्षं बदलून जातात. माझ्या घरी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असतो. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला आहे. झोपेतून उठले की आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसते, मग उभी राहते. या वयात एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

स्नायू हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर ते कमी होण्याचा वेग वाढतो. पण कोणत्याही वयात व्यायाम सुरू केला तरी त्यांना ताकद येते. चालणं चांगलंच आहे, पण नुसतं चालून भागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभं राहायचं. घरच्या घरी होणारे हे व्यायाम मी संघातल्या सगळ्यांना शिकवते. वरण, उसळ, दूध, अंडं यांपैकी काहीतरी रोज पोटात गेलं पाहिजे. एकट्या राहणाऱ्या बायका चहा-पोळीवर दिवस काढतात, ते मला अजिबात पटत नाही.

कानांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कानांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कमी ऐकू येणारा माणूस आधी नुसती मान डोलावतो. मग चार माणसांत जायचं टाळतो. मग घरचेही त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. बघता बघता तो घरात असून नसल्यासारखा होतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या गोष्टींमध्ये ऐकू न येणं धरलेलं आहे. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग कानाच्या यंत्राला का लाजायचं? त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. मोतीबिंदूचंही तसंच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. नातवंडाचा चेहरा नीट दिसत नसताना ‘पिकू दे अजून’ म्हणत वर्षं घालवू नका.

आणि कुठलाही थकवा वयावर ढकलू नका. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, मन उदास झालं असेल. या सगळ्यांवर उपचार आहेत.

३. द्यायला सगळ्यांना येतं, घ्यायला शिकावं लागतं

नोकरीत असताना आषाढी वारीच्या वैद्यकीय पथकात माझी ड्यूटी लोणंदला लागायची. नीरा नदीत पादुकांना स्नान घालून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामी थांबते. तंबूत येणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरीच्या आज्या खूप असत. पायांना फोड, टाचांना भेगा, कंबर धरलेली. मलमपट्टी झाली की लगेच उठून दिंडीकडे निघत. ‘आजी, थोडं पडा की,’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘माझी तुळस दुसरीच्या डोक्यावर देऊन आलेय, तिला किती वेळ ताटकळत ठेवू?’

दिंडीत कुणी बिनकामाचं नसतं. कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या खांद्यावर पताका. ज्याला भराभर चालवत नाही तो मुक्कामावर भाजी निवडतो. आणि हीच माणसं घेतातही. वाटेवरच्या गावांतले लोक त्यांचे पाय चेपून देतात, तेल चोळतात, जेवू घालतात. वारकरी ती सेवा संकोच न करता घेतो आणि आपल्या पाया पडणाऱ्याच्या स्वतःही पाया पडतो. देणारा मोठा आणि घेणारा लहान, असा हिशेब तिथे नाही.

घरात मात्र आपण तो हिशेब ठेवतो. जन्मभर दुसऱ्यांचं करत आलेल्या बाईला सुनेनं पाठ चोळून दिली तरी अवघडल्यासारखं होतं. आमच्या वॉर्डात अर्धांगवायू झालेले एक निवृत्त शिक्षक होते. उजवा हात गेलेला. मुलगा, नातू, कुणालाही दाढी करू देत नव्हते. चेहरा भिंतीकडे करून पडून राहायचे. एक दिवस मी म्हटलं, ‘गुरुजी, आयुष्यभर तुम्ही पोरांना शिकवलंत. आता या पोराला एक गोष्ट शिकवायची राहिली आहे. म्हाताऱ्या माणसाची सेवा कशी करायची, ते याला दुसरं कोण शिकवणार?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवापुढे गाल केला. नातू दाढी करत होता आणि गुरुजी अडखळत्या बोलण्यात सांगत होते, आधी साबण चांगला मुरू दे, उलटा हात नको. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले मला दिसले नाहीत.

मदत घेणं म्हणजे समोरच्याला आपल्या उपयोगी पडण्याची संधी देणं. ती घेताना कसं केलं तर बरं वाटेल ते सांगा, चुकलं तर करवादू नका, आणि झाल्यावर दोन चांगले शब्द बोला. एवढं ज्याला जमलं, त्याच्या उशाशी माणसं आपणहून येऊन बसतात.

४. मुलांना भरपूर द्या, पण डोक्यावरचं छप्पर स्वतःकडे ठेवा

मायेपोटी घर आणि शेत हयातीतच मुलांच्या नावावर करून देणारे आणि नंतर औषधाच्या पैशांसाठी तोंड वेंगाडावं लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या आजारावर औषध होतं, अपमानावर नव्हतं. म्हणून स्पष्ट सांगते. नातवंडांच्या शिक्षणाला द्या, लेकीच्या अडचणीला द्या, पण राहतं घर आणि आपल्या खर्चापुरती रक्कम आपल्या नावावर असू द्या. मागून कुणाला काय मिळावं, ते मृत्युपत्रात लिहा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. पण तुमच्या सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांच्यापैकी कुणाला साक्षीदार करू नये.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे त्यात लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासाठीचा २००७चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि मूळ कायद्याप्रमाणे दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा आदेश होऊ शकतो. बहुतेक घरांत ही वेळ येत नाही, येऊही नये. पण हातात चार पैसे असलेलं माणूस मनापासून देऊ शकतं आणि मिंधेपणाशिवाय घेऊ शकतं, म्हणून ही तजवीज.

५. नवीन शिकायला लाजू नका, आणि शिकवणारा वयानं लहान असला तर उत्तमच

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी गावातल्या आज्यांसाठी शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या बायका मुळाक्षरं गिरवू लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला त्यांना स्वतःच्या नावाची सही येऊ लागली. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. मला या शाळेचं फार कौतुक वाटतं, कारण तिथे आजीला नातवाकडून काहीतरी हवं आहे, आणि त्या हवं असण्यातून दोघांमध्ये बोलायला रोज नवा विषय येतो.

मी फोनवरून पैसे पाठवायला माझ्या नातीकडून शिकले. रोज एक गोष्ट, आणि ती वहीत लिहून ठेवायची, अशी आमची पद्धत. ती मला फोन शिकवायची, मी तिला पुरणपोळी. आज विजेचं बिल भरायला मला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

यात सावधगिरीही शिकावी लागते. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही. तसं सांगून पैसे मागणारा माणूस भामटा असतो. फोन ठेवा, घरच्यांना सांगा आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. ज्येष्ठांना कुठलीही अडचण असेल तर १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा.

६. काम सोडू नका, खुर्ची सोडा

वाईत राहणाऱ्याला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी याच गावात उभं केलं. त्यांचा जन्म १९०१चा आणि विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला १९७६ साली. पंचाहत्तराव्या वर्षी पहिला खंड हातात घेणारा माणूस पुढच्या खंडांच्या कामात गढून गेला आणि १९९४मध्ये जाईपर्यंत ते काम त्यांच्या आयुष्यात राहिलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं ते १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी. समता संघ काढला १९४४ साली, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. या दोघांनी ज्या कामांना हात घातला ती एका माणसाच्या हयातीत संपणारी नव्हतीच. दुसऱ्यांना हाताशी धरूनच ती चालली.

खुर्ची सोडण्याचं उदाहरण केसरबाई केरकरांचं. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या या थोर गायिकेनं १९६०च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, जाहीर मैफली थांबवल्या. लोकांना त्यांचं गाणं हवं असतानाच त्या व्यासपीठावरून उतरल्या. कुठे चालू ठेवायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही ओळखावं लागतं.

आपल्या घरांतही हाच प्रश्न असतो. तिजोरीच्या किल्ल्या, मंडळाचं अध्यक्षपद, सणाचा स्वयंपाक, शेतातल्या पिकाचा निर्णय. या गोष्टी आपल्या हातात असतानाच पुढच्याच्या हातात द्याव्यात, म्हणजे त्याला अडलं तर विचारायला आपण समोर असतो. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या आता माझी सून करते. मी बाजूला तीळ भाजायला बसते. ती विचारते तेवढंच सांगते. तिची पोळी माझ्यापेक्षा पातळ होते आणि चांगली होते. अधिकार दिला की सल्ला मागायला माणसं येतात. तो धरून ठेवला की सल्ल्यालाही कंटाळतात.

७. जोडीदार असतानाच एकमेकांची कामं शिकून घ्या

आमच्या पिढीत कामं वाटून घेतलेली होती. बँक, वीज, घरपट्टी पुरुषांकडे आणि स्वयंपाक, औषधं, नातीगोती बायकांकडे. मग दोघांपैकी एक गेलं की मागे राहिलेल्याला दुःखाबरोबरच पोटापाण्याचाही प्रश्न पडतो. बायको गेल्यावर मीठ कुठल्या डब्यात आहे हे न सापडलेले आजोबा मी पाहिलेत, आणि नवऱ्याच्या पेन्शनचे कागद कुठे आहेत हे ठाऊक नसलेल्या आजीही. आमच्या ह्यांनी शेवटच्या आजारपणात माझ्याकडून बँकेची सगळी कामं करवून घेतली. स्वतः खुर्चीत बसून कागद दाखवायचे, सही कुठे ते सांगायचे. ते गेल्यावर मला रडायला मोकळीक मिळाली, कारण बाकीची कामं मला येत होती.

विधवेच्या बाबतीत आपला समाज आणखी एक क्रूरपणा करत आला. ज्या दिवशी तिला माणसांची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तिचं कुंकू पुसून तिला हळदीकुंकवातून उठवायचं. मी जिथे नोकरी केली त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. मी कुंकू लावते. संक्रांतीला शेजारणींना वाण देते आणि त्यांच्याकडून घेते. ज्या घरात अजून हे घडत नाही, तिथल्या लेकी-सुनांनी पुढाकार घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि मैत्री वाढवा. पन्नास वर्षांच्या जुन्या मैत्रिणी हव्यातच, पण त्या एकेक करून कमी होतात. आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान माणसांशी मैत्री करून ठेवा. फिरायला जाण्यासाठी, भजनासाठी, एसटीनं अर्ध्या तिकिटात जेजुरी-गोंदवल्याला जाऊन येण्यासाठी. पंचाहत्तरीनंतर तर एसटीचं तिकीटही लागत नाही.

८. स्मृती गेली तरी माणूस गेलेला नसतो

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं सगळ्यांनाच होतं. पण रोजच्या रस्त्यावर घर न सापडणं, भाजी फोडणीला टाकायची पद्धतच विसरणं, तोच प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारणं, हे डॉक्टरांना दाखवण्याचं लक्षण आहे. काही वेळा कारण थायरॉइड, बी-१२ किंवा एखादं औषध असतं आणि सुधारणा होते. स्मृतिभ्रंशच असेल तरी लवकर कळलं तर घर सावरता येतं.

अशा एक आजी आमच्याकडे होत्या. मुलांची नावं गेली होती. पण कुणी जात्यावरच्या ओव्यांचा विषय काढला की त्या एकामागून एक ओव्या म्हणायच्या, चाल न चुकता. जुनी गाणी, हातांना सवयीची कामं बराच काळ टिकून राहतात. त्यांच्या सुनेनं रोज दुपारी लसूण सोलायला त्यांच्यापुढे ताटली ठेवायला सुरुवात केली. आजी मन लावून सोलायच्या. कुणी ‘छान सोललात’ म्हटलं की चेहरा उजळायचा. आजारानं सगळं नेलं, तरी घराच्या उपयोगी पडल्याचं समाधान त्यांना कळत होतं.

सांभाळणाऱ्या माणसाचं ओझंही वाटून घेतलं पाहिजे. रात्रंदिवस एकाच सुनेवर किंवा लेकीवर हा भार टाकू नका. आठवड्यातून एक दिवस भावानं, दिरानं, नातवानं यावं आणि तिला घराबाहेर पाठवावं.

९. मरणाविषयी जिवंतपणी बोला

अतिदक्षता विभागाच्या दाराशी भांडणारी भावंडं मी पाहिली आहेत. एकाचं म्हणणं व्हेंटिलेटर लावा, दुसऱ्याचं म्हणणं आता त्रास नको. दोघांचंही वडिलांवर प्रेम. वडिलांना काय हवं होतं, ते मात्र कुणालाच माहीत नाही, कारण ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून विषय कधी निघालाच नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरं होण्याची आशा नसताना फक्त श्वास लांबवणारे उपचार नकोत, असं आपण आधी लिहून ठेवू शकतो. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयानं त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सही पुरते. मी माझं लिहिलं आहे आणि मुलगा, सून, लेक तिघांना समोर बसवून वाचून दाखवलं आहे.

डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यचिकित्सक. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले. ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या अखेरच्या आजाराबद्दल लिहिलं आहे. त्यांचा आग्रह एका गोष्टीवर आहे. आजार गंभीर झाला की माणसाला विचारा, तुला कशाची भीती वाटते आणि कशासाठी जगावंसं वाटतं. उपचार त्या उत्तरावरून ठरवा. कुणाला अंगणात बसायचं असतं, कुणाला नातीचं लग्न पाहायचं असतं. विचारल्याशिवाय ते कसं कळणार?

नेत्रदानाचंही घरी सांगून ठेवा. त्याला वयाची अट नाही. मधुमेह असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालतं. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पथक येईपर्यंत घरच्यांनी पंखा बंद करावा, पापण्या मिटवून वर ओल्या कापडाची घडी ठेवावी आणि डोक्याखाली उशी द्यावी. जाताना एखाद्याला दृष्टी देऊन जाण्याइतकं मोठं दान माझ्या तरी माहितीत नाही.

१०. आयुष्याचा हिशेब एकट्यानं मांडू नका

नर्सिंगच्या अभ्यासात आम्हाला एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सांगितलेल्या आयुष्याच्या आठ पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर माणूस मागे वळून पाहतो. जे झालं ते आपलं म्हणून स्वीकारलं तर समाधान मिळतं, नाहीतर हळहळ उरते. विशीत ते परीक्षेपुरतं पाठ केलं. रुग्णांच्या उशाशी बसल्यावर त्याचा अर्थ कळला. समाधानी म्हाताऱ्यांच्या आयुष्यातही दुःख इतरांइतकंच होतं. फरक एवढाच की त्यांनी ते कुणाला तरी सांगितलेलं होतं आणि ऐकणाऱ्याच्या ते उपयोगी पडलं होतं.

वयाच्या ८१व्या वर्षी आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. आमच्या शेजारच्या आजोबांच्या सोहळ्यात नातवंडांनी त्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरं फोनवर टिपून घेतली. १९७२च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडायला कसे गेलात? आजीला पहिल्यांदा कुठे पाहिलंत? कुणाची क्षमा मागायची राहिली आहे का? शेवटच्या प्रश्नावर आजोबांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं. बांधावरून तुटलेलं नातं होतं. त्याच संध्याकाळी नातवानं फोन लावून दिला आणि दोघे भाऊ बराच वेळ बोलले.

तुमच्या घरी असा सोहळा व्हायची वाट पाहू नका. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगायला सुरुवात करा. घराण्यातले आजार, देवघरातल्या टाकांची कथा, शेतातल्या विहिरीला पाणी कुठल्या बाजूनं येतं, संकटात कुणी हात दिला होता. हे तुमच्याबरोबर गेलं तर ते कुणालाच परत मिळवता येणार नाही.

या दहा गोष्टींपैकी एकीनं सुरुवात करायची असेल तर तिसरीपासून करा. या आठवड्यात घरातल्या किंवा शेजारच्या कुणाकडे तरी एक मदत मागा, आणि कुणाला तरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एक मदत द्यायचं कबूल करा. पुढच्या आठवड्यात दोन्ही पुन्हा करा. आपण अजून कुणाला तरी हवे आहोत आणि आपल्यालाही कुणीतरी हवं आहे, एवढं रोज अनुभवाला आलं की म्हातारपण जगण्यासारखं वाटतं. हे मी रुग्णांमध्ये पाहिलं, आणि आता स्वतः जगते आहे.